डिस्क डब्ल्यूडी-४० ने पुसली, नवे पॅड धरेनात: डिस्क बदलायची का?

प्रश्न असा आहे: १६० सीसीची बाइक, पुढे सिंगल डिस्क, एबीएस. पुढचे पॅड घरीच बदलले. डिस्क काळपट दिसत होती म्हणून पॅड टाकण्याआधी तिच्यावर डब्ल्यूडी-४० मारून फडक्याने लख्ख केली. त्यानंतर २०० किलोमीटर झाले. लिव्हर कडक लागतो, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही, आणि सिग्नलला हळू होताना पुढचं चाक किंचाळतं. गॅरेजवाला म्हणतो डिस्क गेली, पॅड आणि डिस्क दोन्ही नवे टाका. टाकायचे का?

डिस्क बहुधा वाचेल. पॅड बहुधा वाचणार नाहीत. बहुतेकांना हे उलटं वाटतं, कारण डिस्क महाग आणि पॅड स्वस्त, शिवाय पॅड तर नवेकोरे. पण डब्ल्यूडी-४० मागे तेल ठेवतं, आणि तेल लोखंडाच्या पृष्ठभागावर बसतं पण पॅडच्या अंगात मुरतं. वरवर बसलेलं काढता येतं, मुरलेलं सहसा येत नाही.

तुमच्या लक्षणांवरून दोन शक्यता उरतात. लिव्हर कडक आहे म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा नाही. हवा असती तर लिव्हर स्पंजासारखा दबला असता आणि दोनतीनदा पंप केल्यावर वर आला असता. मग एक तर पॅड अजून सेट झालेले नाहीत, म्हणजे डिस्कशी नीट जुळलेले नाहीत, नाही तर पॅड आणि डिस्क तेलकट झालेत. यातला फरक दिवसांवरून कळतो. नुसते सेट न झालेले पॅड शहराच्या रहदारीत का होईना, रोज थोडे सुधारत जातात. पहिल्या दिवशी वाईट, आठवड्याने बरे. तेलकट पॅड सुधारत नाहीत. सकाळी गार असताना कसेबसे धरतात आणि गरम झाले की आतलं तेल वर येऊन आणखी घसरतात. २०० किलोमीटरनंतरही पकड तशीच आहे आणि वर किंचाळणंही आहे, म्हणून माझा कौल तेलाकडे आहे. तरी तपासून घ्या, पद्धत पुढे देतो.

त्याआधी तो काळपटपणा काय होता ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. डिस्क ब्रेक दोन प्रकारे धरतो. पॅडमधले कठीण कण डिस्कवर घासतात, हा एक प्रकार. दुसरा, आणि पकड ज्यामुळे एकसारखी लागते तो, म्हणजे पॅडचंच साहित्य उष्णतेने डिस्कवर उतरून तिथे एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि पॅड त्या थराला धरतो. तुमच्या डिस्कवरचा करडा-काळपट रंग हा बराचसा जुन्या पॅडचा थर होता. ती घाण नव्हती. पॅड बदलताना, त्यातही कंपनी किंवा प्रकार बदलताना, तो काढावा हे खरंच, म्हणजे तुमचा हेतू बरोबर होता. पण तो काढायचा पॉलिश पेपरने. डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवण्यासाठी आणि जाम झालेले नट सोडवण्यासाठी बनवलेलं आहे. ते उडून गेल्यासारखं वाटतं, पण मागे तेलाची पातळ साय ठेवतं, आणि ती ठेवणं हेच त्याचं काम आहे. त्या सायीवर नवा थर बसूच शकत नाही. वर पहिल्याच ब्रेकला पॅडने ती साय टिपकागदासारखी शोषली असणार.

तपासायची पद्धत. गाडी डबल स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरेल अशी. फवारणीच्या बाटलीतून साधं पाणी डिस्कवर मारा. स्वच्छ लोखंडावर पाणी पसरतं, सगळा पृष्ठभाग एकसारखा ओला दिसतो आणि पाण्याचा पापुद्रा काही सेकंद टिकतो. तेल असेल तर पाणी आकसतं आणि नुकत्याच पॉलिश केलेल्या टाकीवर जमतात तसे गोल थेंब होतात. पॅड जिथे घासतो तो पट्टा आणि छिद्रांच्या कडा, दोन्ही ठिकाणी बघा. बऱ्याचदा पट्टा बरा दिसतो आणि छिद्रांभोवती थेंब जमतात, म्हणजे छिद्रांच्या आत तेल साठलेलं आहे. डिस्क गरम झाली की तेच बाहेर येतं. पुसून झाल्यावर दोन दिवस ब्रेक छान लागतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, याचं कारण ही छिद्रं.

साफ करायला घेण्याआधी तेल फक्त त्या स्प्रेचंच होतं याची खात्री करा. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील फुटलं असेल तर तेल नळीवरून ओघळत थेट कॅलिपरवर (पॅड ज्यात बसतात आणि डिस्कला दाबतात तो भाग) येतं, आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर ही सील जातात. शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. सीलच्या लगेच वर तेलाची कडी दिसली किंवा बोट चिकट झालं, तर आधी सील. नाही तर नव्या पॅडचेही पैसे पाण्यात. कॅलिपरच्या पिस्टनभोवती ओल आहे का, ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, जिथे पोकळ बँजो बोल्टने बसतो तिथे पाझर आहे का, तेही बघा. आणि वॉशिंग सेंटरला जात असाल तर त्यांना स्पष्ट सांगा: खालून डिझेल मारायचं नाही, टायरला पॉलिश लावायची नाही. सिलिकॉनची पॉलिश फवारली की तिचे कण हवेतून डिस्कवर बसतात, आणि सिलिकॉन काढणं तेलापेक्षा चिवट काम आहे. मागे डिस्क असेल तर चेनला ल्यूब मारताना डिस्कच्या बाजूला जुना पुठ्ठा धरायची सवय लावा.

सामान फार लागत नाही. भांडी घासायचं लिक्विड, गरम पाण्याची बादली, एक नायलॉनचा ब्रश, जुना टूथब्रश, धुतलेली पांढरी सुती फडकी सात-आठ, इअरबडचं पाकीट, १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर दोन शीट, ब्रेक क्लीनरचा एक ५०० मिलीचा कॅन किंवा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे, मास्क आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. ब्रेक क्लीनर घेताना त्यात क्लोरीनवाले सॉल्व्हंट नाहीत ना, एवढं डब्यावर वाचा. ते तापलेल्या धातूवर पडले तर विषारी वायू होऊ शकतो. आणि कुठलाही क्लीनर असो, डिस्क गार असतानाच मारायचा.

पेट्रोल, रॉकेल, थिनर यांतलं काहीही वापरू नका. रॉकेल आणि डिझेल स्वतःच तेलकट असतात, सुकल्यावर साय राहतेच. पेट्रोल उडून जातं, पण त्यातली ॲडिटिव्ह मागे राहतात, शिवाय आगीची भीती. थिनरने डिस्क स्वच्छ होईल, पण कॅलिपरचे रबरी सील आणि रंग दोन्ही जातील. सॅनिटायझर अल्कोहोलचा असला तरी त्यात ग्लिसरीन असतं, म्हणजे पुन्हा साय.

कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो डिस्कवरून काढा. त्याला होजवर लोंबकळू देऊ नका, शॉकअपला सुतळीने बांधा. पॅड काढल्यावर ब्रेक लिव्हरला कुणाचाही हात लागता कामा नये. दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं. लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा घालून ठेवला की प्रश्न मिटतो.

आता डिस्क. पहिला हात साबण आणि गरम पाण्याचा. लोक हा टप्पा मागासलेला समजून थेट स्प्रेवर जातात, पण थर जाड असताना स्प्रे त्याला फक्त पातळ करून पसरवतो. लिक्विड आणि गरम पाण्याने ब्रश मारून दोन्ही बाजू धुवा, छिद्रांतून इअरबड फिरवा, भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. मग क्लीनर. तो डिस्कवर सरळ मारताना चाकाच्या बेअरिंगकडे आणि टायरकडे जाऊ देऊ नका. बेअरिंगमधलं ग्रीस विरघळून बाहेर आलं तर तेच डिस्कवर येईल. फडक्यावर मारून पुसणं जास्त बरं. फडक्याची घडी दर पुसण्याला बदला. एकाच बाजूने सगळी डिस्क पुसली की इथलं तेल तिथे, एवढंच होतं. पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवा, आणि छिद्रांसाठी इअरबड क्लीनरमध्ये बुडवून प्रत्येक छिद्र वेगळं साफ करा. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम हेच.

तेल गेल्यावरच पॉलिश पेपर. उलट केलं तर पेपरने पडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये तेल दाबून बसवल्यासारखं होतं. पेपर खोडरबरावर किंवा लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळा आणि बोटभर रुंदीचे छोटे गोल फिरवत दोन्ही बाजू घासा. चाक फिरवत पेपर एकाच जागी धरला तर गोल चरे पडतात, आणि पॅड त्या चऱ्यांमधून चालतो. आपल्याला सगळ्या दिशांचे आडवेतिडवे बारीक चरे हवेत, म्हणजे थराला धरायला जागा मिळते. किती घासायचं? चकाकी जाऊन डिस्क एकसारखी मळकट रुपेरी दिसेपर्यंत. धातू कमी करायचा नाही. जोर लावू नका, पेपर जुना झाला की बदला. आतल्या बाजूला एबीएसची दातेरी कडी असते, तिला पेपर किंवा ठोकळा लागू देऊ नका.

मागच्या डिस्कसाठी काही जण इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चाकावर पेपर धरतात. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोटं जातात. हे करायचं नाही, एवढंच.

घासून झाल्यावर पुन्हा क्लीनर, पुन्हा पांढरं फडकं, आणि मग पाण्याची तीच परीक्षा. पाणी पसरलं तर पुढे जा. कुठे थेंब जमले तर फक्त तेवढा भाग परत. यानंतर डिस्कच्या पट्ट्याला उघडा हात लावायचा नाही, बोटांचं तेलसुद्धा सुरुवातीला त्रास देतं.

कॅलिपर उघडा आहेच, तर तोही आवरून घ्या. पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर काळा चिखल बसलेला असतो. तो साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने पुसून मगच पिस्टन आत ढकला, नाही तर तो चिखल सीलमध्ये जातो. ढकलण्याआधी वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून भोवती फडकं लावा. जुन्या झिजलेल्या पॅडवर कुणी ऑइल टॉप-अप केलं असेल तर आता ते ओसंडून येईल, आणि डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल टाकीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतो. पडलंच तर लगेच पाणी ओता. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडिंग पिन बाहेर काढून पुसा आणि तूरडाळीएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं पिवळं किंवा लाल ग्रीस इथे चालत नाही; खनिज तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात आणि पिन अडकते. पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि सोडल्यावरही ब्रेक चिकटून राहतो. पॅडची भुकटी सुकी फुंकू नका, हवेच्या पाइपने तर अजिबात नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

पॅडचं काय? इथे थोडं परिस्थितीवर आहे. पॅड ऑरगॅनिक आहेत, म्हणजे राळेत बांधलेले, की सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी तापवून दाबलेले, हे आधी बघा. दोन्ही सच्छिद्र असतात. ऑरगॅनिकमध्ये तेल गेलं की ते टाकून द्या, त्यात वाद नाही. सिंटर्ड पॅड क्लीनरमध्ये भिजवून, घासून, कधी कधी परत येतात, पण पुढच्या चाकाच्या ब्रेकवर 'कधी कधी' चालवून घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा. मी घेत नाही. तुम्ही २०० किलोमीटर तेलासकट तापवलेले पॅड वापरताय, तेव्हा काहीशे रुपयांचा नवा जोड घ्या. नुसते बोटांचे ठसे असते किंवा पॅडचा वरचा पापुद्रा जळून काचेसारखा चकाकत असता, तर १२० नंबरचा पेपर काचेवर पसरून त्यावर पॅड आठच्या आकड्यासारखा फिरवून चकाकी घालवली असती आणि कडा थोड्या तासल्या असत्या. तेवढ्याने काम भागतं.

गॅसवर किंवा टॉर्चने पॅड भाजायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्याने तेल जळतं, पण ज्या राळेने पॅड एकत्र धरलाय आणि ज्या चिकटाने तो लोखंडी पट्टीला बसलाय, तेही जळतं. पॅड पट्टीपासून सुटण्याची वेळ बरोबर जोरात ब्रेक मारतानाच येते. शिवाय तो धूर स्वयंपाकघरात करायचा नसतो.

नवे पॅड घालताना कडांना धरा, घासणाऱ्या बाजूला हात लावू नका. जुन्या पॅडमागची पातळ पत्र्याची शिम फेकून देऊ नका, ती किंचाळणं कमी करायलाच असते. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. सगळं लागल्यावर, गाडी हलवण्याआधी, लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेला आहे, त्यामुळे पहिले पाचसहा झटके लिव्हर रिकामा हँडलला टेकेल. हे विसरून गाडी सोसायटीच्या उतारावरून काढली की समोरच्या भिंतीवरच थांबते. डबीतली पातळी बघा, झाकण लावा, चाक हाताने फिरवून सुटं फिरतंय का बघा.

आता पॅड सेट करणं. त्याचा उद्देश एवढाच की पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा उतरावा. त्यासाठी उष्णता लागते, ती हळूहळू चढवत न्यावी लागते, आणि गरम पॅड डिस्कवर एका जागी थांबता कामा नये. बाकीचे आकडे या तीन गोष्टींसाठीच आहेत.

रस्ता सुका, सरळ, सपाट, मागे गाडी नसलेला हवा. सकाळी सहाच्या सुमारास मिळतो. आधी दोनतीन किलोमीटर साध्या हलक्या ब्रेकने चालवा. मग ताशी ५० वरून १० पर्यंत, फक्त पुढच्या ब्रेकने, मध्यम जोराने आणा. पूर्ण थांबू नका. ब्रेक सोडा, पुन्हा ५० ला जा, आणि २५-३० सेकंद ब्रेकला हात न लावता चालवा. ५० च्या वेगाला तेवढ्यात साधारण ३५० ते ४०० मीटर जातात. असं दहा वेळा. नंतर ७० वरून २० पर्यंत, जरा खणखणीत, पण एबीएस सुरू होणार नाही इतपत, पाचसहा वेळा. मधलं अंतर तेवढंच किंवा थोडं जास्त. शेवटी पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता, इंजिनवर वेग सांभाळत चालवा म्हणजे डिस्क वाऱ्याने निवेल. मग गाडी लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी मारायचं नाही.

आकडे असे का? गाडी आणि चालक मिळून २२० किलो धरले तर ५० वरून १० वर येताना सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पुढची डिस्क एक किलोच्या आसपास असेल तर एका ब्रेकला ती ढोबळमानाने ४० अंशांनी तापते. ७० वरून २० ला ३८ किलोज्यूल, म्हणजे जवळपास दुप्पट. मधल्या अर्ध्या मिनिटात ती थोडी निवते पण पूर्ण नाही, आणि दर ब्रेकला पायरी चढावी तशी वर जाते. मध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवलं तर ती प्रत्येक वेळी गार होईल आणि थर उतरणार नाही. अंतर ठेवलंच नाही तर एकदम तापून पॅडचा वरचा भाग काचेसारखा होईल. सिंटर्ड पॅडला दुसऱ्या टप्प्याचे दोनतीन ब्रेक जास्त लागतात. पहिल्या टप्प्यात पकड कमी वाटेल, सातव्या-आठव्या ब्रेकपासून त्याच जोरात गाडी जास्त थांबायला लागली की काम होतंय असं समजा. शेवटच्या काही ब्रेकला हलका जळका वास येणं ठीक. धूर आला तर लगेच ब्रेक बंद करून गाडी निवू द्या, आणि तो तेलाचा वाटला तर छिद्रं नीट साफ झाली नाहीत.

या काळात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जोरात ब्रेक मारून थांबणं आणि लिव्हर दाबून तसंच उभं राहणं. गरम पॅडचा ठसा तिथल्या तिथे डिस्कवर उमटतो. त्या जागी थर जाड होतो, आणि पुढे प्रत्येक फेरीला तो भाग पॅडखाली आला की लिव्हरमध्ये धक्-धक् जाणवतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर ठिगळ बसलेलं असतं. पॉलिश पेपरने थर काढून पुन्हा सेट केलं की जातं. सिग्नल लागलाच तर पुढचा ब्रेक सोडून मागच्यावर उभे राहा.

नवे पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी ताम्हिणी किंवा वरंध उतरायला निघू नका. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापतो तेव्हा त्यातल्या राळेतून वायू सुटतात आणि क्षणभर पॅड त्यांवर तरंगल्यासारखा होतो. लिव्हर कडक, पण गाडी ओढतेच. हा पहिला ताप सपाट रस्त्यावर देऊन टाकायचा असतो. सेट झाल्यावरही घाट उतरताना खालच्या गिअरवर इंजिनने वेग धरा आणि ब्रेक ठरावीक अंतराने नेमका मारून सोडा. हलका दाबून घसरवत नेलेला ब्रेक निवतच नाही.

पावसाळ्यात पंचाईत होते, कारण ओली डिस्क तापतच नाही. जुलैत पॅड बदलले असतील तर दोन सरींमधला कोरडा रस्ता शोधा, नाही मिळाला तर पुढचे काहीशे किलोमीटर अंतर ठेवून चालवा आणि उघडीप मिळाली की पूर्ण फेरी करा. कोकणातल्या लाल चिखलातून आल्यावर डिस्क आणि कॅलिपर साध्या पाण्याने धुवा, कणांनी नवा थर खरवडला जातो.

सीबीएसवाल्या, म्हणजे एकत्र लागणाऱ्या ब्रेकच्या, स्कूटरला डावा लिव्हर मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लावतो, म्हणून पुढचे पॅड सेट करताना फक्त उजवा लिव्हर वापरा. कारवाल्यांसाठी: बहुतेक कारची डिस्क बिडाची असते, ती रात्रीत तांबूस गंजते आणि दोनचार ब्रेकला साफ होते, त्याला घाबरू नका. नव्या बिडाच्या डिस्कवर मात्र गंजरोधक तेल असतं, ते क्लीनरने काढल्याशिवाय बसवू नका. आणि मागेही डिस्क असेल तर सेट केल्यावर गरम असताना हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

राहिला मूळ प्रश्न, डिस्क बदलायची कधी. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, 'मिन' असं लिहून पुढे मिलिमीटरमध्ये. मोजताना व्हर्नियर थेट लावू नका. बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते, व्हर्नियर तिलाच टेकतो आणि डिस्क जाड असल्याचं खोटं सांगतो. दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं सारखं नाणं ठेवून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. चार ठिकाणी मोजा. आकडा कोरलेल्या मापाखाली आला, छिद्रापासून भेग निघालेली दिसली, नख अडकेल असे खोल चर असले, किंवा शॉकअपला बांधलेल्या तारेचं टोक डिस्कजवळ ठेवून चाक फिरवल्यावर अंतर उघड उघड कमी-जास्त होताना दिसलं आणि डायल गेजवर ते मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर भरलं, तर गॅरेजवाला बरोबर आहे. यातलं काही नसेल तर फक्त पॅड घ्या. डिस्क बदलावीच लागली तर तिचे बोल्ट लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, आणि तिच्यावर जुने पॅड टाकायचे नाहीत.